गाडीतील दमदार म्युझिक सिस्टीम: निवड, जोडणी आणि नागपूरचा उन्हाळा

खोक्यावर ज्याचे वॅट सर्वांत जास्त, ती सिस्टीम सर्वांत दमदार, अशी समजूत मनात धरून बहुतेक जण दुकानाची पायरी चढतात. पुढचे सगळे चुकीचे निर्णय या एका समजुतीतून निघतात. समृद्धी महामार्गावर गाडी ताशी १२० किलोमीटर वेगाने चालली आहे, एसी सुरू आहे, खाली काँक्रीटवर टायर घोंघावत आहेत, आणि तरीही गायिकेचा शब्द न फाटता कानी पडतो, डग्ग्याची मींड दाराच्या खुळखुळाटात न हरवता घुमत राहते. माझ्या मते दमदार सिस्टीम तिला म्हणावे. अशी क्षमता केवळ वॅटने येत नाही. ती गाडीतली वीज, दाराचा पत्रा, तारांची जाडी आणि शेवटची जुळवणी यांतून येते, आणि म्हणूनच खर्चाचा क्रमही तसाच लावावा.

नागपुरात या विचाराला आणखी एक बाजू आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि नवतप्याच्या दिवसांत उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतील तापमान ६० अंशांच्याही वर चढते. डॅशबोर्डवर ठेवलेला ट्वीटर (चढ्या स्वरांचा छोटा स्पीकर), सीटखालचा अँप (आवाजाची शक्ती वाढवणारा अँप्लिफायर), डिक्कीतली गोंदाने चिकटवलेली शीट, सगळ्यांची खरी परीक्षा तेथे होते. शिवाय शहरातील अनेक मुख्य रस्ते आता सिमेंटचे आहेत आणि सिमेंटच्या रस्त्यावर टायरचा आवाज डांबरापेक्षा चढा असतो. त्यामुळे इतर गावांत चालून जाणारी हलकी फिटिंग येथे एका उन्हाळ्यात उघडी पडते.

वॅट वाचायचे कसे

खोक्यावर ‘५० गुणिले ४ वॅट’ असे छापलेला स्टिरिओ प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरला सलगपणे साधारण १५ ते २० वॅटच देऊ शकतो, कारण त्याच्या आतल्या छोट्या अँपला मिळणारा दाब गाडीच्या १४ व्होल्टच्या आसपासचाच असतो आणि ४ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा मोजण्याचे एकक) स्पीकरवर त्यातून याहून अधिक शक्ती स्वच्छपणे निघत नाही. ‘मॅक्स’, ‘पीक’ किंवा ‘पीएमपीओ’ या नावाखाली छापलेले आकडे बाजूला ठेवावेत आणि फक्त ‘आरएमएस’, म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा आकडा विचारावा. अँपच्या माहितीपत्रकात ‘सीईए-२००६’ या मानकाचा उल्लेख असेल, तर तो आकडा १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि जास्तीत जास्त १ टक्का आवाजाची विकृती या अटींवर मोजलेला आहे असे समजावे. उल्लेख नसेल, तर अँपवरचा फ्यूज पाहावा: ३० अँपिअरचा फ्यूज लावलेला अँप सलग १५०० वॅट देतो असे कोणी सांगत असेल, तर ते शक्य नाही, कारण ३० अँपिअर गुणिले १४ व्होल्ट म्हणजे सारे मिळून ४२० वॅट आत येतात.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची, म्हणजे ठरावीक शक्तीवर स्पीकर किती मोठा आवाज देतो याची. शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला १०० वॅट देऊन जो आवाज मिळेल, तोच ९१ डेसिबलचा स्पीकर ५० वॅटवर देईल. बाहेरचा अँप न लावता केवळ स्टिरिओवर स्पीकर चालवायचे असतील, तर संवेदनशीलतेचा आकडा वॅटच्या आकड्याहून महत्त्वाचा मानावा. महागडा, जड चुंबकाचा कंपोनंट सेट (खालच्या आणि चढ्या स्वरांचे स्पीकर वेगळे असलेला संच) अँपशिवाय लावला की तो जुन्या कंपनी-स्पीकरपेक्षाही मंद वाटतो, हे ग्राहकाला बिल भरल्यानंतर कळते.

गाडीला झेपेल किती

सर्व वीज शेवटी अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राकडून येते. लहान हॅचबॅकमध्ये तो बहुधा ७० ते ९० अँपिअरच्या आसपासचा असतो, आणि इंजिन निवांत फिरत असताना त्यातून याहून बरीच कमी वीज निघते. सीताबर्डीच्या गर्दीत, भर दुपारी, एसीचा ब्लोअर व पंखा पूर्ण सुरू असताना गाडीच त्यातले तीस-चाळीस अँपिअर सहज घेते. उरलेल्यात सिस्टीम बसवायची असते.

हिशोब सोपा आहे. क्लास-डी प्रकारचा अँप आलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के आवाजासाठी वापरतो. तेव्हा ५०० वॅट आरएमएससाठी त्याला ६२५ वॅट लागतात आणि १३.८ व्होल्टने भागले की ४५ अँपिअर होतात. जुन्या पद्धतीच्या क्लास-एबी अँपची कार्यक्षमता ५० ते ६० टक्केच असल्यामुळे तेवढ्याच आवाजासाठी तो ६० ते ७० अँपिअर ओढतो आणि बाकीची वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. आधीच तापलेल्या गाडीत ही जास्तीची उष्णता परवडत नाही, म्हणून नागपूरच्या ग्राहकाने, निदान सबवूफरसाठी (सर्वांत खालच्या स्वरांच्या मोठ्या स्पीकरसाठी) तरी, क्लास-डीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संगीत कधीही सलग पूर्ण शक्तीवर वाजत नाही. त्याची सरासरी ओढ कमाल ओढीच्या एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे सर्व मिळून ५०० ते ६०० वॅट आरएमएसपर्यंतची क्लास-डी सिस्टीम साध्या हॅचबॅकला अल्टरनेटर न बदलता झेपते. त्याच्या पुढे जायचे असेल, तर अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन तारा जाड करणे आणि एजीएम (जास्त प्रवाह देऊ शकणारी) बॅटरी घेणे, हा खर्च आधी धरावा. मोठे कपॅसिटर (क्षणभरापुरती वीज साठवणारे) विकण्याची दुकानांत पद्धत आहे. पण कपॅसिटर स्वतः वीज तयार करत नाही, आणि ज्या गाडीत बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावतात, तिथे तेच पैसे तारांवर खर्च केलेले बरे.

बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत बॅटरीच्या ऋण टोकावर विजेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत अँपची अर्थिंग (वीज परत जाण्याची जोडणी) थेट त्या टोकावर कधीही घेऊ नये, ती बॉडीवरच घ्यावी. नाही तर गाडीच्या संगणकाला बॅटरीची खरी अवस्था कळत नाही आणि चार्जिंग बिघडते. इलेक्ट्रिक गाडीत फक्त १२ व्होल्टच्या बाजूनेच काम करावे आणि नारिंगी आवरणाच्या तारांच्या जवळही जाऊ नये.

काय घ्यावे

आजच्या बहुतेक गाड्यांत कंपनीचा टचस्क्रीन रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे आणि कधी कधी एसीशीही जोडलेला असतो. तो काढून दुसरा बसवण्याची आता फारशी गरज राहिलेली नाही. स्पीकरच्या तारांवरूनच सिग्नल घेणारा, हाय-लेव्हल इनपुट असलेला अँप किंवा डीएसपी प्रोसेसर (आवाजाची डिजिटल जुळवणी करणारे यंत्र) घ्यावा. डीएसपीवर खर्च करणे मला विशेष पटते, कारण कंपनीचे अनेक स्टिरिओ आवाज वाढवला की आपोआप बेस कापतात आणि प्रोसेसरशिवाय ते दुरुस्त करता येत नाही. जुन्या गाडीत स्टिरिओ बदलायचाच असेल, तर त्याचा आरसीए आउटपुट (अँपला सिग्नल देणारी जोडणी) ४ व्होल्ट किंवा अधिक असलेला घ्यावा. सिग्नल जितका सशक्त, तितकी अल्टरनेटरची शिट्टी स्पीकरमध्ये कमी ऐकू येते.

पुढच्या दारांसाठी कंपोनंट सेट घ्यावा, म्हणजे वूफर दारात आणि ट्वीटर कानाच्या उंचीच्या जवळ बसवता येतो. मागच्या दारांत साधे, ट्वीटर वूफरमध्येच बसवलेले कोअ‍ॅक्सियल पुरेत. तिथे पैसे घालवण्यापेक्षा तेच पुढच्या स्पीकरांत घालावेत. विकत घेण्याआधी स्पीकरची खोली मोजावी, आणि काच पूर्ण खाली केल्यावर ती चुंबकाला अडत नाही ना, हे दार उघडून पाहावे.

सबवूफरच्या बाबतीत पहिला प्रश्न डिक्कीचा. सीएनजी गाडीत टाकीने डिक्की व्यापलेली असते, तेव्हा सीटखाली बसणारा सपाट, आतच अँप असलेला सबवूफर हाच समजूतदार पर्याय आहे. त्याच्याने छातीत धडका बसणार नाहीत, पण आवाजाचा खालचा पाया भरून निघतो. डिक्की मोकळी असेल तर बंद पेटी की छिद्राची पेटी, हे ठरवावे. बंद पेटी लहान असते (१० इंची सबला सुमारे पाऊण घनफूट पुरते), तिचा बेस आटोपशीर आणि नेमका असतो, आणि तबला, ढोलकी, भीमगीतांतील ढोलकीची चाल किंवा गझल ऐकणाऱ्याला तीच आवडते. छिद्राची पेटी तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देते, पण १२ इंची सबला ती बहुधा पावणेदोन ते सव्वादोन घनफूट लागते आणि तिचे माप सब बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यांनुसारच असावे लागते. दुकानात तयार ठेवलेल्या, कोणत्याही सबला चालतील असे सांगितल्या जाणाऱ्या पेट्यांपासून दूर राहावे. जुळवून केलेली एक १० इंची पेटी, न जुळणाऱ्या दोन १२ इंची सबपेक्षा अधिक समाधान देते.

ओहमचे गणित खरेदीच्या वेळीच मिटवून घ्यावे. ४ ओहमच्या दोन कॉइलचा सब समांतर जोडला तर २ ओहम होतो, एकापुढे एक जोडला तर ८ ओहम. अँप २ ओहमवर चालण्यास समर्थ आहे का आणि त्या ओहमवर तो किती आरएमएस देतो, हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्यावेत.

दाराचा पत्रा

एवढ्या मोठ्या विषयात मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते हेच, आणि नेमकी हीच पायरी सर्वाधिक गाळली जाते. दार हीच स्पीकरची पेटी आहे. स्पीकरच्या मागचा आवाज पत्र्यांच्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या आवाजाला खोडतो, म्हणून चांगला स्पीकरही फिका वाटतो. आणि पातळ बाहेरचा पत्रा स्वतःच थरथरू लागतो, म्हणून बेस घोगरा होतो. पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. ‘टण’ असा रिकामा आवाज आला तर तिथे डॅम्पिंग शीट (थरथर शोषणारा थर) हवी. ती लावल्यावर तोच ठोका ‘ठप’ असा बुजलेला येतो.

शीट निवडताना उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवावा. स्वस्त डांबरी शीट कडक उन्हात मऊ होऊन घसरते, गाडीत वास येतो आणि काही वेळा दाराच्या तळाशी साचून पाणी बाहेर जाण्याची भोके बुजवते. वरून अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेली ब्युटाइल (रबरी) शीटच घ्यावी, मग ती महाग पडली तरी. पत्रा आधी स्वच्छ पुसून, तेलकटपणा काढून कोरडा करावा, शीट चिकटवून छोट्या रोलरने जोर देऊन घासावी आणि पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत थांबू नये. बाहेरच्या पत्र्याचा संपूर्ण भाग झाकण्याची गरज नसते. स्पीकरच्या मागची जागा आणि मोठे सपाट भाग झाकले की बहुतेक काम होते. त्यानंतर आतल्या पत्र्यावरची मोठी भोके बंद करावीत, मात्र काच, कुलूप आणि त्यांच्या सळया यांना अडथळा येणार नाही आणि पाणी जाण्याची खालची भोके मोकळी राहतील, याची खात्री करावी. पावसाळ्यात काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या आत उतरतेच. कंपनीने लावलेला प्लास्टिकचा पडदा फाडून तसाच सोडला, तर ते पाणी पायपुसण्यापर्यंत येते आणि स्पीकरलाही लागते. याच कारणाने स्पीकरखालची कडी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) असू नये, कारण ओल लागताच ती फुगते. प्लास्टिकची कडी घ्यावी आणि तिच्याभोवती फोमची पट्टी बसवावी.

चारही दारे आणि डिक्की यांचे डॅम्पिंग नीट केले, तर काँक्रीटच्या रस्त्यावरचा टायरचा आवाजही जाणवण्याइतका खाली येतो आणि मग तेवढेच समाधान कमी आवाजावर मिळते. एकूण खर्चाचा चौथा-पाचवा हिस्सा यासाठी राखून ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

तारा, फ्यूज आणि अर्थिंग

जोडणीची सुरुवात बॅटरीची ऋण तार काढून होते. सीटखाली किंवा खांबाजवळ काम असेल, तर त्यानंतर काही मिनिटे थांबावे. सीटखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये, आणि समोरच्या काचेच्या खांबात पडदा-एअरबॅग असेल तर ट्वीटरची तार तिच्यावरून नेऊ नये. गाडीची मूळ तार कापू न देणे, यावर ठाम राहावे. प्रत्येक प्रचलित मॉडेलसाठी तयार कपलर मिळतात; तार कापली की वॉरंटीचा वाद उभा राहतो आणि पुढे दोष शोधणेही कठीण होते.

मुख्य तारेची जाडी किती असावी, हे हिशोबाने ठरते. डिक्कीपर्यंत साधारण ५ मीटर तार लागते. ४ गेजच्या शुद्ध तांब्याच्या तारेत, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरमध्ये, ४५ अँपिअरवर ०.२ व्होल्टहून कमी घट होते; त्याहून बारीक ८ गेजच्या तारेत तीच घट जवळजवळ अर्ध्या व्होल्टवर जाते. बाजारातील अनेक ‘किट’मध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते आणि जाड रबराच्या आवरणामुळे ती भरदार दिसते. टोक सोलून चाकूने खरवडल्यावर आत पांढरी धातू दिसली, तर ती अ‍ॅल्युमिनियमची. तीच वापरायची असल्यास एक पायरी जाड घ्यावी. मात्र शुद्ध तांबे घेतलेले केव्हाही चांगले.

बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. अँपजवळचा फ्यूज अँपला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज गाडीला आणि आत बसलेल्यांना वाचवतो. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली आणि हा फ्यूज नसला, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या एका जागेतून वाहतो आणि आग लागते. फ्यूज तारेच्या क्षमतेनुसार निवडावा आणि तो वारंवार उडतो म्हणून मोठा बसवण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा. इंजिनाकडून केबिनमध्ये येताना तार रबरी बुचातूनच आणावी आणि इंजिनाच्या भागात तिच्यावर नालीदार नळी चढवावी, त्यामुळे उष्णतेपासून बचाव होतो आणि उंदरांनाही तार सहज कुरतडता येत नाही.

अर्थिंगसाठी अँपपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, बॉडीच्या जाड पत्र्यावरची जागा निवडून रंग चकाकी येईपर्यंत खरवडावा, मुख्य तारेइतक्याच जाडीची तार लग (टोकावरची धातूची कडी) दाबून बोल्टने कसावी आणि वरून गंजरोधक लावावे. सीटबेल्टचा बोल्ट यासाठी वापरू नये. नवे भोक पाडायचे असल्यास आधी गाडीखाली वाकून पेट्रोलची टाकी, सीएनजीची नळी आणि ब्रेकची नळी कुठून गेली आहे ते पाहावे. मुख्य तार एका बाजूने आणि आरसीए तार दुसऱ्या बाजूने न्यावी. इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होणारी शिट्टी ऐकू आली, तर दहापैकी बहुतेक वेळा दोष अर्थिंगमध्ये असतो, आणि फिल्टर विकत घेण्याआधी तीच पुन्हा खरवडून कसावी.

अँप सबच्या पेटीवर स्क्रूने ठोकू नये, कारण सततच्या धक्क्यांनी त्यातील जोड सैल होतात. त्याच्या चारही बाजूंना हवा खेळती राहील अशी जागा द्यावी. मे महिन्यात दुपारी गाडी उघडल्याबरोबर पूर्ण आवाजात गाणे लावले, तर अँप तापून स्वतःहून बंद पडतो. आधी काचा खाली करून, एसीने केबिन निववून मग आवाज वाढवावा.

जुळवणी

अँपवरचे ‘गेन’ हे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. ते स्टिरिओचा सिग्नल आणि अँप यांचा मेळ घालते, आणि ते अंदाजाने फिरवल्यामुळेच सर्वाधिक स्पीकर जळतात. स्टिरिओचा इक्वलायझर व बेस बूस्ट शून्यावर ठेवावा, आवाज तीन चतुर्थांशावर आणावा, अँपवरून स्पीकरच्या तारा काढाव्यात आणि सबसाठी ५० हर्ट्झचा, ० डीबी पातळीचा चाचणी-स्वर लावावा. मग मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून गेन हळूहळू वाढवत ठरलेल्या आकड्यावर थांबावे. तो आकडा म्हणजे वॅट गुणिले ओहम यांचे वर्गमूळ: ३०० वॅट व २ ओहमसाठी २४.५ व्होल्ट, ७५ वॅट व ४ ओहमसाठी १७.३ व्होल्ट. स्वस्त मीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच भरवशाचे मोजतात, तेव्हा दारांच्या स्पीकरसाठीही स्वर त्याच्या आतलाच घ्यावा आणि मोजताना क्रॉसओव्हर (स्पीकरांत स्वरांची वाटणी करणारा फिल्टर) बंद ठेवावा.

मग क्रॉसओव्हर सुरू करावा. दारांच्या स्पीकरना ८० हर्ट्झच्या वरचे आणि सबला ८० हर्ट्झच्या खालचे स्वर देणे ही चांगली सुरुवात आहे. छिद्राच्या पेटीला सबसॉनिक (ऐकू न येणारे अतिखालचे स्वर रोखणारा) फिल्टरही लावावा. डीएसपी असल्यास अंतरांचा हिशोब करता येतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे उजव्या दाराचा आवाज त्याच्यापर्यंत आधी पोहोचतो. दोन्ही स्पीकरच्या अंतरात ४० सेंटिमीटरचा फरक असेल, तर उजव्याला सुमारे १.२ मिलिसेकंद उशीर द्यावा. गायकाचा आवाज दारातून उठून डॅशबोर्डच्या मध्यावर येतो, आणि हा बदल ऐकणाऱ्याला पहिल्याच गाण्यात जाणवतो. बेस पोकळ वाटत असेल, तर सबच्या धन-ऋण तारा एकदा उलट जोडून पाहाव्यात आणि ज्या जोडणीत बेस भरीव वाटेल ती ठेवावी.

किती मोठ्याने

अमेरिकेतील ‘नायोश’ या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांहून अधिक ऐकू नये, आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते. लांबच्या प्रवासात मुले मागे बसलेली असताना हे विसरू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि शांतता क्षेत्रात ती ५० व ४० आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत असे क्षेत्र जाहीर करता येते. धंतोलीतल्या रुग्णालयांच्या गल्ल्यांतून किंवा मेडिकल चौकातून जाताना काचा बंद आणि सब जवळजवळ शून्यावर, हा नियम स्वतःलाच घालून घ्यावा. बेस भिंती ओलांडून खाटेवरच्या रुग्णापर्यंत पोहोचतो. फुटाळा तलावावर गाडी उभी करून डिक्की उघडी टाकण्याबद्दलही माझे हेच म्हणणे आहे.

दुकानातून निघण्यापूर्वी

गाडी ताब्यात घेण्याआधी इंजिन, एसी आणि हेडलाइट सुरू ठेवून, काचा बंद करून, रोज ऐकता तीच गाणी लावावीत. दारांचा खुळखुळाट ऐकू येतो का ते पाहावे, प्रत्येक काच पूर्ण खाली-वर करावी, आणि कुलूप, रिव्हर्स कॅमेरा व स्टिअरिंगवरची बटणे तपासावीत. फ्यूजची जागा स्वतः पाहून तिचा फोटो काढून ठेवावा. गाडी बंद करून, कुलूप लावून, अर्ध्या तासाने बॅटरीची ओढ मोजायला सांगावी. ती ५० मिलिअँपिअरच्या आत असावी. जास्त आली, तर बहुधा अँपची रिमोट तार (स्टिरिओबरोबर अँप चालू-बंद करणारी) चुकीच्या जागी जोडलेली असते आणि अँप झोपतच नाही. अशी गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की सुरू होत नाही. महिनाभराने अर्थिंगचा बोल्ट, बॅटरीची टोके आणि सबच्या पेटीचे स्क्रू पुन्हा एकदा पान्याने कसून घ्यावेत, आणि हे काम मोफत करून देण्याचे बिलावरच लिहून घ्यावे.